वाळ्याचं पाणी

आमच्या घरी रविवारी दोनदा देवाकडे जावं लागे, त्यामुळे सोमवारी शाळेत जायला मला कधीच कंटाळा आला नाही. सकाळी बाबांबरोबर नागपुरातल्या सदर भागातल्या दगडी देवळात. आम्ही जुनी मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणायचो. माझ्या नातवंडांना याचं हसू येतं. तिथे घंटा होती, छापील प्रार्थना होत्या, इस्त्रीच्या साड्यांची रांग होती, आणि दारातून आत आलं की डाव्या हाताला खांबावर बसवलेलं एक दगडी वाडगं होतं. त्यात बाळांच्या बाप्तिस्म्याचं पाणी असे. संध्याकाळी आईबरोबर तिच्या माहेरच्या पंथाच्या सभेला. ती रेल्वेत नोकरीला असलेल्या एका काकांच्या ओसरीवर भरे. घंटा नाही, वाडगं नाही. एक सतरंजी, एक ढोलकी, आणि ज्याला जे वाटेल ते त्याने उभं राहून बोलावं. बोलणारे पुष्कळ असत, आणि मला डास चावत.

या दोन देवांच्या मधे मार्थाआत्याचं मटण असे. मार्थाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचं लग्न झालं नव्हतं, आणि आई शाळेत शिकवायला जाई म्हणून घर तिच्या हातात होतं. रविवारी सकाळी सहालाच ती पाट्यावर मसाला वाटायला बसे. तोंडाने गायन आणि हाताने वरवंटा, दोन्ही एकाच तालात. गाण्यात वर चढायचं असलं की वरवंटा थांबे, म्हणून आमच्याकडे मसाला नेहमी जरा भरडच राहिला. रश्श्यावर तर्री इतकी की पहिल्या घासालाच कानातून धूर निघावा. उन्हाळ्यात मागच्या पडवीत तिवईवर तिचा माठ असे आणि माठात वाळ्याची जुडी. त्या माठाला तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. आलेल्या माणसाला ती ओगराळ्याने पाणी काढून देई आणि तो पिऊन होईपर्यंत समोर उभी राही. पाणी चांगलं आहे असं ऐकल्याशिवाय ती पेला परत घेत नसे. आता माझ्याकडे फ्रीज आहे. त्यातलं पाणी चांगलं आहे असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

आईबाबांच्या लग्नाला दोन्हीकडून विरोध झाला होता. सगळे येशूचेच, पण भांडण पाण्याचं होतं. बाबांच्या मंडळीत मूल तान्हं असतानाच पाळक त्याच्या कपाळावर पाणी लावून बाप्तिस्मा देतात. आईच्या माहेरी असल्या पाण्याला तोंड धुणं म्हणत. माणसाने जाणतं व्हावं, चारचौघांत आपल्या तोंडाने साक्ष द्यावी, आणि मग नखशिखांत पाण्यात बुडून वर यावं, तो खरा बाप्तिस्मा. शेवटी दोघांनी लग्नाआधी करार केला. मूल झालं तर त्याला कोणीही पाणी लावायचं नाही. पंधरा वर्षांचं झालं की त्याचं तेच ठरवील. मूल एकच झालं, ते मी.

या करारामुळे मी मंडळीत एक विचित्र वस्तू होऊन बसले. देवळातल्या रविवारच्या शाळेत मुलं मला ‘कोरडी’ म्हणत. नाव करुणा, पण हाक कोरडी. मला त्याचं वाईट वाटण्यापेक्षा कुतूहलच जास्त वाटे, कारण मला लहानपणापासून चौकशीचा रोग आहे. ओल्या पोरांमध्ये आणि माझ्यात नक्की फरक काय? ती माझ्याइतकीच खोटं बोलत, माझ्याहून जास्त मारामाऱ्या करत. मग त्या चमचाभर पाण्याने केलं काय? मी बाबांना विचारलं. बाबा सदरमध्येच एका चष्म्याच्या दुकानात काचा घासत. डोळे बारीक करून ते म्हणाले, “आई लेकराले दूध पाजते, तेव्हा त्याले विचारते काय, तुह्या मनात आहे का म्हणून? देवाचं देणं तसंच असते.” मला हे पटलं. मग आईला विचारलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, “लग्नात हो कोण म्हणते? नवरीच ना? का तिच्या पाळण्यातच कोणी परस्पर म्हणून टाकते?” मला हेही पटलं. दोन्ही पटल्यावर माणसाची जी गत होते ती माझी झाली.

शेजारच्या निर्मलाला मी हे सगळं सांगे. तिच्या आईवडिलांनी ती जन्मायच्या आधी मैदानात लाखो लोकांबरोबर उभं राहून बुद्धाचा धम्म घेतला होता. तिच्या बाबांचा आवाज तो दिवस सांगताना अजून भरून येई. “आमच्यावर कोनी काई शिंपडलं नाही,” ते म्हणत, “आमी सोताच्या तोंडानं म्हटलं.” मला वाटलं, म्हणजे हे आईच्या बाजूचे. पण निर्मलाची वेगळीच अडचण होती. “त्या दिवशी मी आईच्या पोटात होती,” ती एकदा चिंच चोखता चोखता म्हणाली. “मंग माही दीक्षा झाली का नाही झाली?” आम्ही दोघींनी यावर पुष्कळ डोकं चालवलं. तिने आईला विचारलं तर उत्तर मिळालं, “माह्या पोटात होती, मंग कोनाची होशीन? चाल, भांडे घास.” प्रश्न तिथेच मिटला. निर्मला भांडी घासायला गेली, आणि हे इतकं सोपं उत्तर माझ्या वाट्याला का नाही म्हणून मला तिचा हेवा वाटला.

पंधरा पुरी झाली तेव्हा मी आईची बाजू घेतली. खरं कारण शास्त्रातलं नव्हतं. आदल्या वर्षी मी माझ्या मामेभावाला बाप्तिस्मा घेताना पाहिलं होतं. कळमेश्वरच्या पुढे माझ्या आजोळची संत्र्याची बाग होती, आणि बागेत विहिरीच्या पाण्याचा मोठा हौद. इंजिन सुरू असलं की जाड नळातून पाण्याचा लोट हौदात पडे, इतका गार की मे महिन्यात दात वाजत. मामा त्या पंथाचा पुढारी होता. तो छातीइतक्या पाण्यात उभा राही, आणि ज्याचा बाप्तिस्मा असेल त्याला दोन्ही हातांवर धरून मागे बुडवी. भाऊ वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते, आणि आत काहीतरी ऐकून आल्यासारखा तो सगळ्यांकडे बघत होता. आत काय झालं म्हणून मी त्याला नंतर एकट्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, “कानात पानी गेलं.” मला हे खरं वाटलं नाही. मला स्वतः जाऊन बघायचं होतं. आणि जन्मभर ज्याची वाट बघितली ते ‘हो’ मला माझ्या तोंडाने, मोठ्याने म्हणायचं होतं.

आई खूष झाली. तिने लगेच पांढरी साडी आणली आणि पदराला, काठाला आतून बारीक खडे शिवायला घेतले. पाण्यात साडी फुगून वर येऊ नये म्हणून खडे शिवायची तिच्या माहेरची पद्धत होती. बाबांचं मन थोडं खट्टू झालं, पण करार म्हणजे करार. फक्त आत्याचं बिनसलं. रश्श्यात मीठ पडेना. माठ रिकामा राहू लागला. पाट्यावर गायन ऐकू येईना, त्यामुळे मसाला जन्मात पहिल्यांदा बारीक वाटला जाऊ लागला. उन्हाळा सोसत नसेल असं आम्ही धरून चाललो.

दिवस ठरवायला मामा नागपूरला आला. त्याच संध्याकाळी बाबांनी पाळकसाहेबांनाही बोलावलं. मुलगी दुसऱ्या वाटेने जाते आहे, तर जाताना तिने आपल्याकडचा आशीर्वाद तरी घेऊन जावा, एवढाच हेतू. पडवीत दोघे शेजारी शेजारी बसले, आत्याने पाहुण्यांसाठी पुन्हा भरलेल्या माठातलं पाणी दोघांना दिलं. आई एका बाजूला साडीत खडे शिवत होती. पाळकसाहेब भला माणूस. ते म्हणाले, “आमची काही हरकत नाही. बाप्तिस्मा माणसाचा एकदाच होतो, एवढंच आमचं म्हणणं. हिच्यावर आजवर कोणी पाणी टाकलं नाही ना?” हे त्यांनी विचारायचं म्हणून विचारलं होतं.

“नाही साहेब,” आई म्हणाली, “तसा आमच्यात करारच आहे.”

“टाकलं आहे,” आत्या म्हणाली.

ती माठाशी उभी होती, हातात ओगराळं. मामाने विचारलं, “कोनं?”

“मी.”

मी दीड वर्षाची असताना मला लू लागली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आई तेव्हा तिच्या वडिलांच्या मातीला माहेरी गेली होती, आणि मला उन्हातून नेता येणार नाही म्हणून आत्याजवळ ठेवलं होतं. त्या दुपारी आत्याने मला बाप्तिस्मा दिला, हे मात्र त्या क्षणापर्यंत फक्त तिला ठाऊक होतं. पाळकसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. जीव जायची वेळ आली आणि पाळक हाताशी नसला तर कोणीही विश्वासणारा माणूस पाणी लावू शकतो, असा त्यांच्याकडे नियम आहे. “शब्द कोणते म्हणाल्या, बाई?” आत्याने डोळे मिटून म्हणून दाखवलं: पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. जन्मभर दर रविवारी ऐकलेलं, ते चुकणार कुठून? “आणि पाणी कुठलं?” आत्याने माठाकडे हात केला.

आता पडवीत जे झालं ते आठवून मला अजून हसू येतं, त्या वेळी मात्र रडू येत होतं. बाबांनी, म्हणजे ज्यांना ते पाणी चाललंच असतं त्यांनी, शंका काढली की वाळा घातलेलं पाणी हे पाणी धरायचं का. मामा म्हणाला, “मी त्याले सरबत म्हणतो.” पाळकसाहेबांनी हातातल्या पेल्यात उरलेल्या घोटाचा वास घेतला, तो प्यायले, आणि विचारात पडले. “सरबत नाही म्हणता येणार,” ते म्हणाले. “पण निव्वळ पाणी...” तेव्हा आत्या इतक्या जोरात बोलली की रस्त्यावरचा माणूस थांबला. “पान्यात वाळा होता साहेब. वाळ्यात पानी नव्हतं.” पाळकसाहेबांनी पेला खाली ठेवला आणि निकाल दिला. बाप्तिस्मा झाला आहे. पुन्हा करता येणार नाही. मामाने त्याचा निकाल दिला. झोपल्या पोरीचं कपाळ ओलं केलं, त्याले आम्ही धरत नाही. येत्या रविवारी तिला घेऊन या. आईने काहीच निकाल दिला नाही. तिने दोरा दाताने तोडला, दुसरा ओवला आणि पुढचा खडा शिवायला घेतला.

दुसऱ्या दिवसापासून आई आपला स्वयंपाक वेगळ्या स्टोवर करू लागली. एका ओट्यावर दोन बाया, एक शब्द नाही. बाबा दोन्हीकडचं थोडं थोडं जेवत. मी तर भडकलेच होते. जे एकच काम माझं मी करायचं म्हणून राखून ठेवलं होतं, ते माझ्या नकळत, मी लाळ गाळत पडले असताना उरकलं गेलं होतं. आणि आता पेच असा की हौदात उतरले तर आत्याचं सगळं खोटं, नाही उतरले तर माझं ‘हो’ गेलं. ठरवायचं मीच होतं, करारात तसंच होतं.

शनिवारी दुपारी आई बाजारात गेल्यावर मी आत्याला पडवीत गाठलं. ती वाळ्याची जुडी धूत होती. मी रागानेच विचारलं, “काहून केलं तू? तुले माहीत होतं ना?”

“माहीत होतं,” ती म्हणाली. तिने जुडी पिळली, पुन्हा पाण्यात टाकली. “तुहा बाप धंतोलीत डाक्टरले आनाले गेला होता. तुह्ये डोळे पांढरे झाले होते वं. मी फडके भिजवून भिजवून लावून राहिली होती, अन् तू आगीसारखी तापली. रडतही नव्हती. मंग मले वाटलं, संपलं आता.”

“मग देवानं मला घेतलं नसतं का? पाणी नसतं लागलं तर?”

“घेतलं असतं. देव काय एवढा हलकट आहे?” आत्या चिडली. मग तिचा आवाज उतरला. “मले देवाचं भेव नव्हतं. तू एवढीशी. एकटी जाशीन. माय नाही जवळ, बाप नाही. तिकडं कोनी विचारलं, कोनाची वं पोरगी तू, तर तुले बोलता तरी येत होतं काय? म्हनून मी लावलं. म्हटलं, पाहतीन तर समजंन, कोनाची तरी आहे.” तिने ओल्या हातानेच डोळे पुसले. “तीन डाव पानी लावलं अन् तू रडली. तवापासून तुह्या मायच्या डोळ्याले डोळा लावून बोलली नाही मी.”

मी तिथेच पायरीवर बसले. इतकी वर्षं मी सगळ्यांना विचारत होते की त्या पाण्याने काय होतं, आणि उत्तर माझ्याच घरात माठापाशी उभं होतं. निर्मलाच्या आईने तिला भांडी घासायला पाठवताना दिलं होतं तेच उत्तर. पण राग लगेच गेला असं कोणी समजू नये. कळलं म्हणून राग जात नाही, त्याला वेळ लागतो. आणि माझं ‘हो’ मला हवंच होतं.

रविवारी आम्ही सगळे एसटीने कळमेश्वरला आणि तिथून बैलगाडीने बागेत गेलो. आत्याही आली. तिला कोणी चल म्हटलं नव्हतं, पण तिने माठातलं पाणी बाटलीत भरून घेतलं आणि गाडीत चढली. झाडांना लिंबाएवढी हिरवी संत्री धरली होती. इंजिन टुकटुकत होतं, हौद काठोकाठ भरला होता. दोन मामेबहिणींचे बाप्तिस्मे झाल्यावर मामाने माझ्याकडे हात केला. पाण्यात उतरण्याआधी साक्ष द्यायची असते. मी हौदाच्या कडेवर उभी राहिले, खडे शिवलेला काठ पायाला टोचत होता. समोर वीस-पंचवीस माणसं, त्यांत आई पुढे, आत्या शेवटी एका झाडाआड.

मी म्हटलं, “माझा बाप्तिस्मा झाला आहे. मी दीड वर्षाची होते आणि मरायला टेकले होते. माझ्या आत्याने वाळ्याच्या पाण्याने केला. मला कोणी विचारलं नव्हतं. आज विचारलं, तर मी हो म्हणते. त्यालाच हो म्हणते.”

इंजिन चालूच होतं, त्यामुळे मागच्यांना नीट ऐकू गेलं नाही आणि ‘काय म्हनते, काय म्हनते’ सुरू झालं. मामा छातीभर पाण्यात हात पसरून तसाच उभा. मग ऊन मी म्हणत होतं, आणि हौद समोर होता, म्हणून मी उडी मारली. हा बाप्तिस्मा नाही, असं मी मामाला पाण्यातूनच ओरडून बजावलं. मामा नाइलाजाने म्हणाला, “डुबून तर घे वं, काय धरायचं ते देव धरंन.” खडे मला खाली ओढत होते. मी डोकं बुडवलं आणि आत काय ऐकू येतं ते ऐकलं. कानात पाणी गेलं, एवढंच झालं. भाऊ खरं बोलला होता.

वर आले तेव्हा आई आत्याच्या झाडापाशी गेलेली दिसली. मला पुसायला आणलेला कोरडा टॉवेल तिने आत्याच्या हातात दिला, कारण आत्या अगदी मुलीसारखी रडत होती. आई म्हणाली, “मार्थाताई, त्या दिवशी मी इथंच होती, बापाच्या मातीला. तुम्ही तिथं होत्या.” दुसऱ्या दिवशी ओट्यावरचा वेगळा स्टो गेला. त्या गोष्टीचा उल्लेख आईने पुन्हा कधी केला नाही. मामाने मात्र मला शेवटपर्यंत बिनबाप्तिस्म्याचीच धरलं, आणि माझ्यासाठी रोज प्रार्थना केली. मी ती कधी अडवली नाही.

आत्या पुष्कळ जगली. शेवटी धंतोलीतल्याच एका दवाखान्यात होती. उन्हाळा होता, बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. बाबा, आई दोघेही आधी गेले होते, त्यामुळे जवळ मीच. पाळक येऊन प्रार्थना करून गेले. जे करायचं ते सगळं झालं होतं. तरी दुपारी मी घरी जाऊन वाळ्याचं पाणी घेऊन आले, रुमाल भिजवला आणि तिच्या कपाळावर ठेवला. मग कानाशी वाकून म्हटलं, “आत्या, तिकडं कोणी विचारलं, कोणाची वं तू, तर सांग, करुणाची.”

तिने डोळे उघडले नाहीत. बऱ्याच वेळाने ओठ हलले.

“पानी चांगलं आहे वं,” ती म्हणाली.